पाकात लिंबू, पिठात भोवरा

गुलाबजामांचा पाक साखरू नये म्हणून त्यात लिंबाचे चार थेंब पिळायचे, हे कुठल्याही मराठी घरात कुणीही सांगेल. का पिळायचे, असं विचारलं की मात्र बहुतेक जण ‘तसंच करतात’ म्हणून मोकळे होतात. सतराव्या शतकात मेक्सिको शहरातल्या सान हेरोनिमो मठात एक नन होती, तिच्या डोक्यात असलं काही दिसलं की किडा वळवळायला लागायचा. तिनं लिहून ठेवलंय की बिहीच्या किंवा दुसऱ्या एखाद्या आंबट फळाच्या पाण्याचा जरासा अंश पडला, की साखर पातळच राहते. आंबटामुळे साखरेच्या काही रेणूंचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात आणि उरलेल्या साखरेला खडे धरायला ते आडवे येतात. हे कोडं सुटायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

तिचं नाव सोर हुआना इनेस दे ला क्रूस. ‘सोर’ म्हणजे सिस्टर. पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या परिसरातल्या नेपांतला गावी जन्मलेली, आईबापांचं लग्न न झालेली पोर. आईला लिहिता येत नव्हतं, पण शेतीचा सगळा कारभार तीच बघायची. हुआना तीन वर्षांची असताना मोठ्या बहिणीच्या मागोमाग शिकवणीला गेली आणि ‘मलाही शिकवा, आईनं सांगितलंय’ अशी बाईंना बिनधास्त थाप मारून अक्षरं शिकली. चीज खाल्लं की बुद्धी मंदावते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आवडतं चीज सोडलं. ‘पुरुषाचे कपडे घालून मला विद्यापीठात पाठव’ असा आईमागे धोशा लावला. ते काही जमलं नाही, मग आजोबांच्या पुस्तकांवर तुटून पडली.

लॅटिनच्या तर वीसही शिकवण्या झाल्या नव्हत्या. ती स्वतःचे केस चार-सहा बोटं कापायची आणि ते वाढेपर्यंत अमुक एक गोष्ट शिकायचीच, असं ठरवायची. केस भराभर वाढायचे, धडा मागे पडायचा, मग पुन्हा कात्री. रिकामं डोकं सजवायचं कशाला, हा तिचा हिशेब. पुढे व्हाइसरॉयनं चाळीसेक विद्वानांना बोलावून या तरुणीची परीक्षा घेतली. त्यांना ती पुरून उरली. लग्न करायचं नव्हतं आणि वाचायला वेळ हवा होता, म्हणून ती 1669 साली सान हेरोनिमोत नन झाली. मठाचे हिशेबही तिनं सांभाळले.

एकदा एका भाबड्या वरिष्ठ ननला वाटलं, हे वाचन म्हणजे धर्मन्यायालयाला आमंत्रण. हुकूम सुटला, पुस्तकं बंद. हुआनानं जवळजवळ तीन महिने पुस्तक हातात घेतलं नाही; पण समोर दिसेल त्याचाच अभ्यास सुरू केला. अंडं तेलात टाकलं की एकसंध तळलं जातं आणि साखरेच्या पाकात मात्र फुटून जातं, हे असं कसं? निजायच्या लांबलचक दालनाच्या भिंती समांतर आहेत, मग पलीकडच्या टोकाला त्या जवळ आल्यासारख्या का दिसतात?

आणि भोवरा. दोन मुली भोवरा फिरवत होत्या. हिनं जमिनीवर पीठ चाळायला लावलं आणि भोवरा पिठावर फिरू दिला. आर काढेल ती रेघ पूर्ण वर्तुळ असते की नाही, हे बघायचं होतं. वर्तुळ नव्हतं. जोर ओसरत जाईल तशी मळसूत्रासारखी वळत जाणारी रेघ पिठात उमटली होती. भोवरा मीही लहानपणी पुष्कळ फिरवला. त्याखाली पीठ पसरायचं मात्र कधी सुचलं नाही.

हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं ते एका बिशपच्या कृपेनं. अंतोनियो व्हिएरा या नामांकित धर्मगुरूच्या जुन्या प्रवचनावर हुआनानं टीका लिहिली होती. ती पुएब्लाच्या बिशपनं 1690 मध्ये छापली आणि सोबत ‘सोर फिलोतेआ’ असं बाईचं नाव घेऊन तिला उपदेशही पाजला, की लौकिक विद्या पुरे, आता धर्मग्रंथांकडे वळ. त्यावर मार्च 1691 मध्ये तिनं लांबलचक उत्तर धाडलं. केस, चीज, अंडं, भोवरा सगळं त्यातच आहे. शिवाय एक टोलाही आहे, की ॲरिस्टॉटल स्वयंपाक करता तर त्यानं आणखी कितीतरी लिहिलं असतं!

1695 साली मठात साथ आली, आजारी नन्सची शुश्रूषा करताना हुआना गेली. ते उत्तर 1700 साली माद्रिदमध्ये छापलं गेलं. आज मेक्सिकोच्या शंभर पेसोच्या नोटेवर तिचा चेहरा आहे. मिठाईवाल्याच्या गल्ल्यात रोज जमा होत असणार.