गेलेला किनारा रेती टाकून परत येतो का?

मंडळी, आजचा विषय ठरला तेव्हा आयोजकांपैकी एका तरुण मित्रानं आम्हाला विचारलं, "सर, वरवट बकालला समुद्रकिनाऱ्याशी काय घेणंदेणं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्या वाण नदीत आहे. वाण सातपुड्यातून उतरते आणि पूर्णेला मिळते. पूर्णा चांगदेवला तापीला मिळते, आणि तापी सुरतेच्या खाली अरबी समुद्राला. डोंगरातला दगड झिजून झालेली रेती याच वाटेनं समुद्राकडे निघालेली असते. रस्त्यानं समुद्र लांब असेल, पण रेतीच्या वाटेनं आपण त्याचे वरच्या अंगाचे शेजारीच.

आधी किनारा म्हणजे काय, ते पाहू. आपल्याला वाटतं, किनारा ही शेतासारखी एक ठरलेली जागा. तसं नाही. किनारा हे बँकेतलं चालू खातं आहे, बघा. एकीकडून रेती जमा होते, दुसरीकडून खर्ची पडते. लाटा बहुधा तिरक्या येतात, त्यामुळे रेती किनाऱ्यालगत सरकत राहते. कोकणात पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा रेती ओढून थोड्या आत, पाण्याखाली नेऊन ठेवतात. समुद्र निवळला की लहान लाटा ती हळूहळू परत आणतात. म्हणून आषाढात किनारा अरुंद दिसला, एवढ्यावरून तो गेला असं म्हणू नये. जमेची बाजू कायमची आटली, की मग मात्र तो खरोखर जातो.

ती आटते कशी? एक तर नदीची रेती धरणात अडते किंवा घाटावरून उपसली जाते. नाहीतर बंदरासाठी समुद्रात दगडी बांध घातला जातो. त्याच्या एका अंगाला रेती साचते, दुसरं अंग उपाशी राहतं. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस हेच झालं. दक्षिणेकडून येणारी रेती बंदराच्या बांधाशी अडली आणि शहरासमोरचा किनारा नाहीसा झाला. रस्ता वाचवायला मोठाले दगड टाकले. रस्ता वाचला, पण धूप उत्तरेकडच्या मच्छिमार वस्त्यांकडे सरकली.

आपल्याकडे रत्नागिरीजवळ मिऱ्याला धूपप्रतिबंधक बंधारा अनेकदा ढासळला आणि पुन्हा बांधावा लागला. याचं कारण साधं आहे. उतरती रेती लाटेचा जोर जिरवते. उभी भिंत तो परत फेकते, आणि पायथ्याची रेती खरवडून जाते. भिंत मागची जमीन राखते, समोरचा किनारा राखत नाही.

म्हणून दुसरा उपाय: किनाऱ्याला रेतीच द्यायची. जहाज समुद्रतळाची रेती पाण्यासकट शोषून घेतं, मोठ्या नळानं किनाऱ्यावर सोडतं, मग यंत्रानं ती पसरतात. यात दोन पथ्यं असतात. रेतीचा दाणा मूळ दाण्याइतका किंवा त्याहून जाड हवा. बारीक रेती लवकर वाहून जाते. आणि ती पुरेशा खोल पाण्यातून आणावी. किनाऱ्यालगतची उपसून किनाऱ्यावर घालणं म्हणजे डाव्या खिशातलं उजव्या खिशात. पुदुच्चेरीत २०१८ च्या सुमारास राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं रेती भरण्याच्या जोडीला पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी बांध बसवला, आणि शहरासमोर पुन्हा रेती दिसू लागली. नेदरलँड्समध्ये २०११ साली एकाच ठिकाणी २ कोटी १५ लाख घनमीटर रेती टाकली. आपल्या हिशोबात सुमारे ७६ लाख ब्रास! ती वारा-लाटांनीच आजूबाजूला पसरावी, अशी योजना होती.

आता लोक म्हणतात, "ही रेती पुन्हा वाहूनच जाणार ना? मग पैसे पाण्यातच गेले." आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून इथं थोडं थांबतो. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, रथ म्हणजे नेमकं काय? चाक? आस? जू? एकही भाग म्हणजे रथ नव्हे. तसंच कोणताही एक दाणा म्हणजे किनारा नव्हे. दाणे बदलतच असतात, त्यामुळे भरलेला किनारा खोटा ठरत नाही. शेतात दरवर्षी शेणखत घालतो, तेव्हा गेल्या वर्षीचं वाया गेलं असं कुणी म्हणतं का? मात्र धुऱ्यावरचा बांध फुटलेला असेल तर आधी तो बघावा लागतो. रेती कुठं अडली, हे न शोधता ती नुसती ओतत राहणं हे काही शहाणपण नव्हे.

म्हणून किनारा कायमचा झाला का, असं विचारू नये. तो भरत राहण्याची जबाबदारी कुणाची, हे विचारावं. किनाऱ्यावर तिकीट नसतं. तिथं जाळी वाळतात, भेळेची गाडी लागते, मजुराची पोरंही खेळतात. तो गेला, तर ज्याच्याकडे दुसरी मोकळी जागा नाही, त्याचंच आधी जातं.

आणि शेवटी आपल्या दारात येऊ. नदीतली रेती पावसाचं पाणी धरून ठेवते. पात्रात रेती उकरून झिऱ्याचं पाणी प्यायलेली माणसं या सभेतही असतील. खारपाणपट्ट्यात त्या गोड पाण्याची किंमत आम्ही वेगळी सांगायला नको. पात्रातून ट्रॉली भरून निघते, तेव्हा त्या एका ब्रासचा खर्च आधी आपल्या विहिरीच्या खात्यावर पडतो, आणि मग पुढच्या सगळ्या वाटेवर. समुद्राला रेती परत देता येते, त्यासाठी जहाजं आहेत. वाणेत ती परत आणून टाकणारं कुणी नाही. एवढं ध्यानात ठेवलंत तरी आजचं बोलणं कारणी लागलं. काही शंका असतील तर जरूर विचारा.