खिशातला टॉवर आणि रिचार्जची सुट्टी

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळ सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली आणि तिथे 'बिटचॅट' हे अ‍ॅप धडाधड डाउनलोड झालं. ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांनी ते त्याच वर्षी जुलैमध्ये आणलं होतं. ना सिम, ना इंटरनेट. निरोप ब्लूटूथवरून एका फोनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तेव्हापासून एकच दावा कानावर येतोय: 'प्रत्येकाचा फोनच टॉवर होऊ शकतो, मग रिचार्ज कशाला? कंपन्यांनी हे तंत्र दाबून ठेवलंय!'

दाबलेलं काही नाही. हाँगकाँगच्या आंदोलकांनी २०१४ साली 'फायरचॅट' आणि २०१९ साली 'ब्रिजफाय' उघडपणे वापरलं. एक मात्र खरं. सिमवर चालणारा रेडिओ शेजारच्या फोनशी थेट बोलत नाही. कोणी कधी, कुठल्या लहरींवर बोलायचं हे टॉवर ठरवतो. ४जीच्या मानकांत २०१५ च्या सुमारास थेट जोडणीची सोय आली, पण ती मुख्यतः पोलीस आणि अग्निशमन दलांसाठी, आणि सर्वसाधारण हँडसेटमध्ये ती उतरलीच नाही. यात कंपन्यांचं हित नाही असं मी म्हणणार नाही. पण उद्या ती सोय सगळ्यांना मिळाली, तरी पुढचा हिशेब टळत नाही.

सध्या उरतात ब्लूटूथ आणि वायफाय. गर्दीत, भिंतींच्या आडून ब्लूटूथचा पल्ला तीसेक मीटर धरू. मुंबई ते पुणे साधारण १५० किलोमीटर, म्हणजे ५,००० टप्पे. दर तीस मीटरला एक माणूस, तेच अ‍ॅप चालू ठेवून, बॅटरी शाबूत असलेला, थेट खंडाळ्याच्या घाटातसुद्धा! बिटचॅटमध्ये निरोपाला सातच टप्प्यांची मुभा आहे. या हिशेबाने तो दोनेकशे मीटरवर थांबतो. दूरच्या निरोपांसाठी या अ‍ॅपने पुढे इंटरनेटचीच वाट जोडून घेतली, हे दावा करणाऱ्यांनी जरूर वाचावं.

'माणसं वाढली की जाळं आपोआप दमदार होईल' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. पोहोच वाढेल, वेग नाही. प्रत्येक फोनला स्वतःबरोबर इतरांचेही निरोप वाहावे लागतात आणि हवा सगळ्यांची एकच. पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० सालीच गणिताने दाखवलं, की अशा जाळ्यात फोनांची संख्या शंभरपट झाली तर प्रत्येकाच्या वाट्याची क्षमता दहाव्या हिश्श्याहूनही खाली येते. मजकुराचे चार शब्द जातील. व्हिडिओ कॉल विसरा.

मग उपयोग कुठे? एकाच मैदानात, एकाच मोर्चात, पूर आलेल्या एकाच वस्तीत. तिथे हे तंत्र खरोखर कामाचं आहे, आणि त्याला कंपन्यांचा पर्याय म्हणून मिरवण्याची गरजही नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

'मध्ये कंपनी नाही, म्हणजे सुरक्षित.' लंडन विद्यापीठाच्या रॉयल होलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०२० मध्ये ब्रिजफायमध्ये निरोप वाचता येतील, दुसऱ्याचं सोंग घेता येईल आणि अख्खं जाळं बंद पाडता येईल अशा त्रुटी दाखवल्या. नंतर कंपनीने 'सिग्नल' या अ‍ॅपची कूटपद्धत स्वीकारली.

'रेंज नसली तरी ११२ लागतोच.' आपल्या कंपनीची रेंज नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. कुठलाच टॉवर नसेल तर साध्या कॉलने नाही.

'मेशटास्टिक वापरा, किलोमीटरभर जातं.' जातं, मोकळ्यावर त्याहूनही लांब. पण या रेडिओ-जाळ्यासाठी फोनशिवाय वेगळं यंत्र विकत घ्यावं लागतं.

'सरकारला अशी अ‍ॅप्स रोखता येत नाहीत.' मे २०२३ मध्ये केंद्राने जम्मू-काश्मीरचं कारण देत १४ अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यात इंटरनेटविना चालू शकणारं 'ब्रायर'ही होतं. फोनमध्ये आधीच असलेलं अ‍ॅप ब्लूटूथवर चालत राहील, हे खरं. पण ज्याने ते घेतलंच नाही, तो बंदीनंतर प्ले स्टोअरवर काय शोधणार?