५.१ होम थिएटर ध्वनिरचना

५.१ ही घरगुती चित्रपटदर्शनासाठी वापरली जाणारी बहुवाहिनी ध्वनिरचना आहे. नावातील पाच हा अंक पूर्ण पल्ल्याच्या पाच ध्वनिवाहिन्या, तर दशांशचिन्हापुढील एक हा अंक केवळ खर्जातील परिणामांसाठी राखलेली वाहिनी दर्शवतो. चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटल हे ५.१ स्वरूप १९९२ सालच्या 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटाद्वारे आले.

मांडणी

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.७७५ या शिफारशीनुसार श्रोत्याच्या समोर मध्यभागी एक स्पीकर असतो. पुढील डावा व उजवा स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर, तर सराउंड स्पीकर १०० ते १२० अंशांवर असतात. चित्रपटातील बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून ऐकू येतात; तो कपाटात खोलवर ठेवल्यास संवाद अस्पष्ट होतात. अतिखर्जातील ध्वनीची दिशा कानाला सहज ओळखता येत नाही, त्यामुळे सबवूफरच्या जागेबाबत अधिक मोकळीक असते. मात्र खोलीच्या कोपऱ्यात तो घुमण्याची शक्यता असते.

जोडणी

एव्ही रिसीव्हर हा या रचनेचा केंद्रबिंदू होय. वायरी जोडताना वीजपुरवठा बंद ठेवतात. रिसीव्हरचे लाल टोक स्पीकरच्या लाल टोकाला व काळे टोक काळ्या टोकाला जोडले जाते. पुढील दोनपैकी एकाच स्पीकरची टोके उलट झाल्यास दोघांच्या ध्वनिलहरी परस्परांना छेद देतात व खर्ज क्षीण होतो. वायरीचे उघडे धागे एकमेकांना टेकल्यास रिसीव्हर निकामी होऊ शकतो.

दूरचित्रवाणी संचातील ध्वनी रिसीव्हरकडे नेण्यासाठी ऑप्टिकल केबल किंवा एचडीएमआयची 'एआरसी' सुविधा वापरतात. एआरसीचा समावेश २००९ साली एचडीएमआय १.४ मध्ये झाला. या दोन्ही मार्गांनी ५.१ ध्वनी सामान्यतः संक्षेपित स्वरूपातच जातो. संचाच्या ध्वनी सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडलेले असल्यास सहसा दोनच वाहिन्या पोहोचतात. अशा वेळी जोडणी निर्दोष असूनही सराउंडचा मूळ ध्वनी मिळत नाही. त्यासाठी 'बिटस्ट्रीम' हा पर्याय निवडावा लागतो.

समायोजन

२० अंश सेल्सियस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. म्हणजे एक मीटर अंतरास सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. आसनापासून प्रत्येक स्पीकरचे अंतर मोजून रिसीव्हरमध्ये नोंदवल्यास जवळच्या स्पीकरचा ध्वनी तेवढा विलंबाने सोडला जातो आणि सर्व ध्वनी एकाच वेळी कानी पडतात. त्यानंतर चाचणी-ध्वनीच्या साहाय्याने सर्व स्पीकरची पातळी समान केली जाते. लहान स्पीकर असल्यास साधारणपणे ८० हर्ट्‌झखालील ध्वनी सबवूफरकडे वळवतात.