धनुष्य, दोरी आणि न्यूयॉर्कचं विमान

मुंबईहून न्यूयॉर्क. भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारा. अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को आणि मग अटलांटिक, असा सरळ रस्ता दिसतो.

आता पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा घट्ट ताणा. अहो, हा निघाला कुठे? तो सरसर उत्तरेकडे सरकतो! तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, हेलसिंकीजवळून पुढे थेट आइसलंडवर, मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ चाटून लॅब्राडॉरमार्गे खाली. पट्टीची वाट सुमारे १४,२०० किलोमीटर, दोऱ्याची १२,५३०. नकाशावर वळसा दिसतो तीच वाट जवळची, आणि वाचलेलं अंतर मुंबई-दिल्लीपेक्षा जास्त!

पण संगणकाकडे दोरा कुठे असतो? त्याच्या हाती दोन्ही विमानतळांचे फक्त अक्षांश-रेखांश: मुंबई १९ अंश उत्तर, ७३ पूर्व; न्यूयॉर्क ४१ उत्तर, ७४ पश्चिम. तेवढ्यावर हे अंतर कसं निघतं?

मला सगळ्यात थक्क करतं ते हे, की नेहमीचं हॅवरसाइन सूत्र आधी आकाशाकडे बघतच नाही. ते जमिनीत शिरतं! मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पृथ्वीच्या पोटातून आरपार एक सरळ बोगदा कल्पायचा. त्याची लांबी सुमारे १०,६०० किलोमीटर. मधोमध तो २,८४० किलोमीटर खोल जातो, आणि पृथ्वीचा वितळलेला गाभा सुरू होतो जेमतेम ५० किलोमीटर खाली!

बोगद्याची लांबी कळली की पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन शहरांमध्ये किती कोन होतो ते कळतं: ११२.७ अंश. या वाटेवरचा दर अंश सुमारे १११.२ किलोमीटरचा. करा गुणाकार. झालं अंतर!

पृथ्वी ध्रुवांपाशी जराशी चपटी आहे, केंद्रापासून ध्रुव विषुववृत्तापेक्षा २१ किलोमीटर जवळ, म्हणून काटेकोर हिशेबात उत्तर थोडं हलतं. खरं विमान तर वाऱ्यासाठी आणि बंद आकाशासाठी आणखी वळतं.

त्या बोगद्याला मात्र आपल्याकडे जुनं नाव आहे. वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणारी रेघ म्हणजे जीवा; शाळेच्या भूमितीत आजही हाच शब्द आहे. जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटाने इ. स. ४९९च्या ग्रंथात अर्ध्या दोरीचं, अर्धज्येचं कोष्टक दिलं. ही ज्या अरबीत 'जिबा' झाली, तिथे 'जैब' म्हणून वाचली गेली, लॅटिनमध्ये 'सायनस' झाली, आणि तिचाच आजचा 'साइन'.

विमानाची वाट हे वाकलेलं धनुष्य, बोगदा ही त्याची दोरी. आणि दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या पाठीपर्यंतच्या त्या २,८४० किलोमीटरना आपल्या जुन्या गणितात काय म्हणायचे, ठाऊक आहे? शर. बाण!