पॅलेस थिएटर ते केशवराव भोसले नाट्यगृह

शाहू महाराजांनी कोल्हापुरात हे थिएटर बांधलं, तेव्हा त्याचं नाव होतं पॅलेस थिएटर. १९१५मध्ये ते उभं राहिलं. भिंतीला भिंत लागून खासबागेचं कुस्ती मैदान. एकीकडे शड्डू, दुसरीकडे नांदी. हा शेजार महाराजांनाच सुचावा! पुढे नाव लागलं ते केशवराव भोसल्यांचं. ‘ललितकलादर्श’चे हे संस्थापक-गायकनट कोल्हापूरचेच, आणि अवघ्या एकतिसाव्या वर्षी, १९२१मध्ये गेलेले.

संगीत नाटकांचा जमाना सरला तरी थिएटर रिकामं राहिलं नाही. व्यावसायिक नाटकांचे दौरे, गाण्याच्या मैफली, व्याख्यानं, शाळांची स्नेहसंमेलनं असं सगळं इथे व्हायचं. पण खरा कस राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तोंडाला रंग लावणारी हौशी मंडळी, आणि समोर दाद देतानाही हातचं न राखणारा, पण फसलं की तोंडावर सांगणारा कोल्हापुरी प्रेक्षक.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आगीने रंगमंच, छत, खुर्च्या सगळं गिळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगकर्मी जमले, ते जळक्या भिंतींपुढे.