रस्ता आणि कायदा (भाग ९) : यंत्र गाडीतून काढायचं कधी?

मागच्या भागात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना होणाऱ्या परवाना निलंबनाच्या शिक्षेची मर्यादा आपण पाहिली. न्यायालय परवाना काढून घेतं, गाडी मात्र दारात उभीच असते. अमेरिकेच्या बहुतेक भागांत घराजवळ बस नाही, नोकरी वीस-तीस मैलांवर आणि किराणाही गाडीशिवाय घरी येत नाही. त्यामुळे परवाना निलंबित झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक त्या काळातही गाडी चालवतात, असं तिथले अभ्यास सातत्याने सांगत आले आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेत कायदेशीर मर्यादेपेक्षा जास्त प्यायलेल्या चालकांच्या अपघातांत १२,४२९ माणसं मेली. त्या वर्षीच्या रस्त्यावरच्या एकूण मृत्यूंपैकी हे सुमारे ३० टक्के. अशा चालकांना आवरायचं तर नुसता परवाना काढून भागत नाही, गाडीच अडवावी लागते, या विचारातून इग्निशन इंटरलॉक आलं. चालकाने आधी नळीत फुंकायचं, श्वासात दारू आढळली नाही तरच गाडी स्टार्ट होणार. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाने याचा पहिला कायदा केला, तोही मोजक्या काउंटींत प्रयोग म्हणून. २००५ मध्ये न्यू मेक्सिकोने पहिल्याच गुन्ह्यापासून प्रत्येक दोषी चालकाला यंत्र सक्तीचं केलं. आज पन्नासही राज्यांत या ना त्या स्वरूपाचा इंटरलॉक कायदा आहे. यंत्र लावावं की नाही, हा वाद आता जवळपास संपला आहे. ते काढायचं कधी, हा प्रश्न मात्र बहुतेक कायद्यांनी नीट हाताळलेला नाही. ते काढण्याचा दिवस यंत्रातल्या नोंदींवरून ठरला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आधी यंत्र करतं काय ते जवळून पाहू. डॅशबोर्डपाशी जुन्या मोबाइलएवढा एक संच असतो, वायरने स्टार्टरच्या सर्किटला जोडलेला, आणि त्याला प्लास्टिकची छोटी नळी. एका दमात साधारण दीड लिटर हवा फुंकावी लागते. काही यंत्रांत फुंकताना घशातून 'हंऽऽ' असा आवाजही काढावा लागतो. फुग्यात भरून ठेवलेल्या हवेने यंत्राला फसवता येऊ नये म्हणून ही युक्ती. आत फ्युएल सेल असतो. प्लॅटिनमचा थर दिलेल्या इलेक्ट्रोडवर श्वासातल्या अल्कोहोलचं अ‍ॅसिटिक आम्ल होतं, त्यातून विजेचा बारीक प्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहावरून दारूचं प्रमाण कळतं. अमेरिकेच्या केंद्रीय रस्ते-सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये सुधारलेल्या नमुना निकषांत गाडी अडवण्याची मर्यादा ०.०२ ठेवली आहे, म्हणजे १०० मिलिलीटर रक्तात २० मिलिग्रॅम. तिथे गुन्ह्याची मर्यादा ०.०८ आहे, एकट्या युटामध्ये ०.०५. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे ती ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे शिक्षा झालेल्या चालकाला हे यंत्र भारतीय कायद्याहूनही कडक कसोटी लावतं. गाडी निघाल्यावर काही मिनिटांनी, आणि पुढे कधीही, ते पुन्हा फुंकायला सांगतं. चालू गाडीचं इंजिन मधेच बंद पडेल, ही भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. फेरचाचणीत चालक नापास झाला किंवा त्याने फुंकलंच नाही, तर तो गाडी बाजूला घेऊन बंद करेपर्यंत हॉर्न वाजत राहतो, दिवे लुकलुकत राहतात. प्रत्येक फुंकर तारीख-वेळेसह नोंदली जाते, अनेक राज्यांत कॅमेरा चेहराही टिपतो. कॅलिफोर्नियात निदान ६० दिवसांतून एकदा सेवा केंद्रावर जाऊन यंत्र तपासून घ्यावं लागतं, तेव्हा हा सगळा तपशील उतरवून घेतला जातो. ही नोंदवही पुढे फार उपयोगी पडणार आहे.

उपयोगाचा पुरावा भक्कम आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पंधरा अभ्यास एकत्र तपासले गेले. यंत्र गाडीत असेपर्यंत पुन्हा दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं जाण्याचं प्रमाण, नुसता परवाना निलंबित झालेल्यांच्या तुलनेत, मध्यकाने ६७ टक्के कमी होतं. कॅलिफोर्नियाने २०१० पासून अलमेडा, लॉस एंजेलिस, सॅक्रामेंटो आणि टुलारी या चार काउंटींत प्रयोग केला. तिथल्या मोटार वाहन विभागाने २०१६ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की पहिल्याच गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत पुन्हा तोच गुन्हा रोखण्यात यंत्र निलंबनापेक्षा ७४ टक्के अधिक परिणामकारक होतं. याच विभागाच्या अहवालांत न रुचणाऱ्या गोष्टीही होत्या, आणि त्या लपवून युक्तिवाद करणं योग्य नाही. यंत्र लावलेल्या लोकांचे अपघात निलंबित परवान्यावाल्यांपेक्षा जास्त होते. याचं कारण समजण्यासारखं आहे: यंत्र लावलेला माणूस कायदेशीरपणे गाडी चालवत असतो, म्हणून रस्त्यावर जास्त असतो, आणि शुद्धीतल्या माणसाचेही अपघात होतात. दुसरी गोष्ट अशी, की या चार काउंटींत दोषी चालकांमध्ये यंत्र बसवण्याचं प्रमाण २.१ टक्क्यांवरून ४२.४ टक्क्यांवर गेलं, तरी सक्तीच्या धाकाने दारू पिऊन गाडी चालवण्याचे गुन्हे एकंदरीने घटल्याचं दिसलं नाही. यावरून यंत्राचं काम नेमकं कळतं. ज्याच्या गाडीत ते आहे त्याला ते अडवतं. इतरांवर त्याची जरब बसते याचा पुरावा कच्चा आहे.

आता अडचणीची जागा. त्या पंधरा अभ्यासांचा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच स्पष्ट होता: यंत्र काढलं की परिणाम ओसरतो, आणि पुन्हा पकडले जाण्याचं प्रमाण यंत्र न लावलेल्यांच्या पातळीवर येऊन थांबतं. यात आश्चर्य नाही, कारण यंत्र दारू आणि गाडी यांच्यामध्ये उभं राहतं, दारूची ओढ कमी करत नाही. तरीही कायदे मुदत महिन्यांत मोजतात. २०१९ पासून कॅलिफोर्नियात पहिला गुन्हा असेल आणि कुणाला इजा झाली नसेल, तर चालकाला दोन पर्याय मिळतात: सहा महिने यंत्र लावून कुठेही गाडी न्यायची, किंवा वर्षभर फक्त कामावर आणि उपचारवर्गाला जाण्यापुरती चालवायची. दुसऱ्या गुन्ह्याला यंत्र एक वर्ष, तिसऱ्याला दोन, चौथ्याला तीन. या मुदतीत एकाने दर आठवड्याला फुंकण्यात नापास व्हावं आणि दुसऱ्याने एकदाही होऊ नये, तरी केवळ महिने मोजले तर दोघांचंही यंत्र एकाच दिवशी निघू शकतं. मोडलेल्या हाताचं प्लॅस्टर काढण्याआधी डॉक्टर एक्स-रे बघतात. इथे तर रोजचा एक्स-रे यंत्राने स्वतःच काढून ठेवलेला असतो.

ही नोंदवही केवळ झालेलं सांगत नाही, पुढचंही सांगते. यंत्र असताना ज्यांच्या चाचण्या वारंवार नापास होतात, ते यंत्र काढल्यावर पुन्हा पकडले जाण्याची शक्यता बरीच जास्त असते, हे अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. त्यातही कामाच्या दिवशी सकाळची नापास चाचणी विशेष बोलकी. शरीर दारू जाळतं ते ताशी साधारण ०.०१५ या बेताने. मध्यरात्री ०.१५ पातळीवर प्याला खाली ठेवलेल्या माणसाच्या रक्तात सकाळी सातला अजून ०.०४५ शिल्लक असते. अंघोळ झालेली, कॉफी घेतलेली, आपण पूर्ण शुद्धीवर आहोत अशी प्रामाणिक समजूत. आणि यंत्र म्हणतं, नाही. शनिवारच्या पार्टीनंतर एकदा असं झालं तर ती चूक म्हणता येईल. मंगळवारी, गुरुवारी, पुन्हा पुढच्या मंगळवारी होत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार हवेत. सहा महिने संपले म्हणून अशा माणसाचं यंत्र काढून त्याला मोकळं सोडणं हे त्याच्याही जिवावर बेतणारं आहे आणि समोरून येणाऱ्याच्याही.

दुसरा मार्ग आहे, आणि तो चालून पाहिलेला आहे. वॉशिंग्टन राज्यात मुदतीच्या शेवटचे काही सलग महिने नोंदी स्वच्छ असल्याशिवाय यंत्र निघत नाही. इतरही काही राज्यांनी हा नियम घेतला. फ्लोरिडाने आणखी एक पाऊल टाकलं. यंत्राच्या नोंदींत तीन वेळा उल्लंघन दिसलं की व्यसनमुक्तीचे उपचार सक्तीचे. असे उपचार घेतलेल्यांमध्ये यंत्र काढल्यानंतर पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण, उपचार न मिळालेल्या तशाच लोकांपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी आढळलं. स्वीडनने १९९९ मध्ये सुरू केलेल्या दोन वर्षांच्या ऐच्छिक कार्यक्रमात तर यंत्राबरोबर नियमित वैद्यकीय तपासणी होती आणि रक्तातल्या खुणांवरून पिणं खरंच कमी झालं का, ते पाहिलं जात होतं. तो पूर्ण करणाऱ्यांमधली सुधारणा यंत्र काढल्यावरही टिकली. ते स्वतःहून आलेले लोक होते, तेव्हा त्यांचा निकाल सगळ्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण यंत्र आणि उपचार एकमेकांना जोडले की ओसरणारा परिणाम धरून ठेवता येतो, ही दिशा दोन्हीकडे एकच आहे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा आहे, आणि तो मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. यंत्राचं भाडं महिन्याला साधारण ६० ते ९० डॉलर, बसवण्याचा खर्च वेगळा, आणि सगळं दोषी चालकाच्या खिशातून. मुदत नोंदींवर अवलंबून ठेवली तर व्यसनात खोल रुतलेल्या गरीब माणसाला भाडं भरतच राहावं लागेल, आणि ज्या दिवशी परवडेनासं होईल त्या दिवशी तो यंत्र काढून बेकायदा गाडी चालवू लागेल. म्हणून मुदत वाढवण्याची तरतूद सवलतीशिवाय करूच नये. कॅलिफोर्नियाने हे ओळखलं: केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या आत उत्पन्न असेल तर चालकाने खर्चाच्या १० टक्केच द्यायचे, त्याच्या दुपटीपर्यंत २५ टक्के, तिपटीपर्यंत ५० टक्के. न्यू मेक्सिकोत गरिबांसाठी वेगळा निधी आहे. पैसे नसल्यामुळे दंड भरता आला नाही म्हणून, ऐपतीची चौकशी न करता कुणाला तुरुंगात टाकता येणार नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या बेअर्डन खटल्यात सांगितलं होतं. न परवडल्यामुळे यंत्र बंद पडलेल्या माणसालाही त्याच न्यायाने वागवायला हवं. शिवाय प्रत्येक वाढीचा निर्णय ठरावीक काळाने तपासला जावा, म्हणजे ती न संपणारी शिक्षा होणार नाही.

बाकीच्या शंका इतक्या जड नाहीत. माउथवॉश किंवा ताज्या पावाने यंत्र फसतं हे खरं, पण तोंडातली ती दारू काही मिनिटांत उडते. पाण्याने चूळ भरून थोड्या वेळाने फुंकलं की खुलासा होतो, आणि नोंदीत ती घसरण स्पष्ट दिसते. दुसऱ्याने फुंकून देणं कॅमेरा आणि फेरचाचणी यांनी बरंच अवघड केलं आहे. बायकोला किंवा मुलाला त्याच गाडीसाठी रोज फुंकावं लागतं, ही तक्रार रास्त आहे आणि तिला पूर्ण उत्तर नाही. मात्र परवाना आणि नोकरी दोन्ही गेलेल्या घरापेक्षा ते घर सावरलेलं असतं. 'पहिलीच चूक होती' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की पिऊन केलेल्या दर फेरीमागे पकडलं जाण्याची शक्यता इतकी कमी असते, की पहिली अटक ही बहुधा पहिली फेरी नसते. आणि जो खरंच एकदाच चुकला, त्याच्या नोंदी स्वच्छ असतील, त्याला या पद्धतीत गमवायचं काहीच नाही.

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल, फ्रीमाँटमध्ये कामासाठी गेलेल्या मराठी कुटुंबांना हा विषय परका नाही. तिथे डीयूआयची, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दलची, अटक ही केवळ रस्त्याची बाब राहत नाही. २०१५ पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं अशा अटकेनंतर, दोष सिद्ध होण्याआधीही, व्हिसा रद्द करू शकतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या तरुणाने यंत्राची मुदत मुकाट पूर्ण केली, तरी नवा व्हिसा मागताना त्याला वैद्यकीय तपासणीला पाठवलं जाऊ शकतं. आपलं व्यसन आटोक्यात आहे हे तिथल्या डॉक्टरांना पटवताना महिनोन्महिन्यांच्या स्वच्छ नोंदी हाताशी असणं, नुसती मुदत संपल्याच्या दाखल्यापेक्षा केव्हाही बरं.

शेवटचं भोक कायद्यातच आहे. न्यूयॉर्कने 'लिआंड्राचा कायदा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने ऑगस्ट २०१० पासून प्रत्येक दोषी चालकाला यंत्र सक्तीचं केलं, पण माझ्याकडे गाडीच नाही, असं सांगून अनेकांनी ते टाळलं. गाडी नातेवाइकाच्या नावावर, मुदत घरबसल्या सरते आणि परवाना परत. कॅलिफोर्नियातही मालकाची गाडी कामासाठी चालवताना, मालकाला कळवलेलं असेल तर, यंत्राची गरज नसते. मुदत संपण्याचा निकष नोंदी असल्या, तर टाळाटाळीचा फायदाच उरत नाही: ज्याने यंत्र लावलं नाही त्याच्याकडे दाखवायला नोंदी नाहीत, आणि नोंदींशिवाय पूर्ण परवाना नाही. ज्याच्याकडे खरोखर गाडी नाही, त्याच्यासाठी तेवढ्याच काळाची रक्त-लघवीची तपासणी हा पर्याय ठेवता येतो. राज्यांनी कलम बदलताना आधी हे भोक बुजवावं, मग महिन्यांचा हिशेब करावा.

पुढच्या भागात : दोषी असो वा नसो, प्रत्येक नव्या गाडीतच असं तंत्रज्ञान बसवण्याचा अमेरिकेचा २०२१ चा कायदा, आणि तो अजून रस्त्यावर का उतरलेला नाही.