वारा तेवढाच, तरी पोट डब्ब!

सकाळी परकराची नाडी जिथे सहज बसते, तिथेच ती संध्याकाळी रुतायला लागते. दिवेलागणीपर्यंत पोट असं टरटरून येतं की एखादी शेजारीण हसत विचारते, "काय हो, गोड बातमी वाटतं?" हसून वेळ मारून न्यावी लागते. सोनोग्राफी झालेली असते, रक्त तपासलेलं असतं, सगळं 'नॉर्मल'! मग घरातले म्हणतात, "मनाचे खेळ आहेत."

मनाचे खेळ नव्हेत हो हे! डॉक्टर याला आय.बी.एस. किंवा आतड्याच्या कामातला बिघाड म्हणतात. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, पण त्याचं वागणं बिनसलेलं. आणि गंमत अशी, की अशा पोटात वारा जास्त असतोच असं नाही. अमेरिकेत मिनिआपोलिसच्या डॉ. मायकेल लेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली आर्गॉन वायू सोडून आतड्यातला सगळा वारा बाहेर काढून मोजला. तक्रार करणारे आणि ठणठणीत असलेले, दोघांच्याही पोटात तो सारखाच निघाला, साधारण २०० मिलिलिटर. म्हणजे चहाचा एक कप! फरक एवढाच, की दुसऱ्याला जो वारा जाणवतही नाही, त्यानं यांच्या पोटात कळ येते.

मग पोट पुढे येतं, ते खोटं का? तेही खरंच. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून पाहिलं, तर फुगलेल्या वेळी छाती आणि पोट यांमधला पडदा खाली दाबला जात होता आणि पोटाचे स्नायू सैल पडत होते. आतड्यांना जागा हवी, ती पुढे येतात.

हे कळलं नाही की बाई एकेक पदार्थ सोडत जाते. आधी वाल, मग हरभराडाळ, मग दूध, वांगं, बटाटा. शेवटी ताटात उरतो मऊभात! अंगातली ताकद जाते आणि पोट फुगायचं ते फुगतंच.

त्यापेक्षा स्वयंपाकात थोडं बदलून पाहा. कडधान्यं रात्रभर भिजवा, पाणी फेकून द्या, मोड आणा. वारा धरणारी साखर बरीचशी त्या पाण्याबरोबर जाते. लसूण सोसत नसेल तर पाकळ्या तेलात तळून काढून टाका. बाधणारा अंश पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. वासाला हिंग आहेच. दुधानं गुडगुडतं, तर घट्ट दही थोडं खाऊन बघा. काही सोडायचंच झालं तर दोन ते सहा आठवडे, मग एकेक करून परत सुरू करायचं. जन्मभर नाही. पोट साफ होत नसेल तर गव्हाच्या कोंड्यापेक्षा इसबगोल बरा, भरपूर पाण्याबरोबर. ओवा-बाळंतशोपेला माझी हरकत नाही, पण लिंबात खायचा सोडा घालून पिऊ नका, त्यातून उलट पोटात वायूच तयार होतो!

जेवण झाल्यावर दहा मिनिटं आरामात बसा, पोटावर हात ठेवा आणि सावकाश श्वास घ्या-सोडा. घरातली सगळी जेवून झाल्यावर ओट्याशी उभ्या उभ्या घाईनं घास गिळण्याची आपली खोडही जरा बाजूला ठेवा. त्या घाईत हवाच जास्त गिळली जाते.

मात्र वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, रक्त कमी झालं असेल, किंवा पन्नाशीनंतर हा त्रास नव्यानं सुरू होऊन रोजच राहत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. चार घास खाल्ले की पोट भरतं, लघवीला सारखं जावं लागतं, हेही डॉक्टरांना सांगा. अंडाशयाच्या कॅन्सरची सुरुवात अशीच, 'गॅस झालाय' म्हणत निघून जाऊ शकते. पोटाची सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची तपासणी, दोन्हींबद्दल स्वतःहून विचारा. लाजू नका.